देठ

शेंदूरजनाघाटच्या नर्सरीत
थंडीचे दिवस.
माणसं उकिडवी बसून डोळे भरतात.
जंबेरीच्या सालीला आडवा चीर, उभा चीर,
त्यात संत्र्याचा एक डोळा, देठासकट,
वर प्लास्टिकची पट्टी, दातात धरून ताणलेली.
गुणवंतमामा दिवसाला हजार भरतात.

मी नागपूरहून चार दिवसांच्या रजेवर.
साबणानं धुतले तरी हातांना
लाकडाच्या भुशाचा वास.

"बेबे, तू करतं काय वं तिथं?"

तुमचंच काम, मामा.
करड्या उंदराचं हृदय
पांढऱ्या उंदराच्या पोटात.
त्याचं स्वतःचं छातीत असतंच, त्याला कुणी हात लावत नाही.
हे दुसरं. तुरीच्या दाण्याहून थोडं मोठं.
मॅडम भिंगाखाली शिवतात, केसाहून बारीक दोऱ्यानं,
मी पंखा बंद करून
चिमटा पुढं करते.

"धरते काय थे?"

नाही धरत. तीच तर गोष्ट आहे.
रोज सकाळी मी त्याच्या पोटावर बोट ठेवते.
जोरात उडत असेल तर वहीत चार,
थांबलं तर शून्य.
सातव्या दिवशी एक.
आठव्या दिवशी बोटाखाली नुसती गाठ.

मामांनी पट्टी ओढली.
"जंबेरी नाही करत असं."

जंबेरीला रक्त कुठंय, मामा.
रक्तात पहारा असतो.
परकं कुणी आलं की पहारेकरी आधी चेहरा बघतो,
मग त्याला मागून एक हाक लागते: ऊठ.
दोन्ही झाल्याशिवाय तो काठी उचलत नाही.
आम्ही सुईतून जे प्रतिपिंड देतो
ते चेहरा झाकत नाही,
हाक मारणाऱ्या तोंडावर हात ठेवतं फक्त.
पहारेकरी बघत राहतो, बघत राहतो,
उभ्या उभ्या पेंगतो.

"म्हंजे फसवलं त्याले."

त्यावर मला काही सुचलं नाही.

सगळ्यांचं जमत नाही.
कुणाचं विसाव्या दिवशी मंदावतं, कुणाचं चाळिसाव्या.
पण एकेचाळीस नंबर,
उजव्या कानाला दोन खाचा,
शेंगदाणा दोन्ही पंजांत धरून, फिरवून फिरवून खाणारा,
त्याच्या पानावर शंभर दिवस
चार, चार, चार.
छातीतलं आपल्या तालात, पोटातलं आपल्या.
आकडा लिहून झाल्यावरही
मी कधी कधी बोट तिथंच ठेवायची.

शंभराव्या दिवसानंतर काय,
ते मामांनी विचारलं नाही.
पुढच्या रांगेकडे सरकले.

ती वीस दिवसांपूर्वी भरलेली होती.
"देठाले नुसतं बोट लाव.
गळला त डोळा जगला.
चिकटून रायला त गेला समज."

मला वाटलं होतं, उलटं असेल.
बोट लावलं. देठ पडला.
दुसरा पडला.
तिसरा काळा, वाळका, सालीला घट्ट धरून.

जगलेल्या डोळ्याच्या वरचा
जंबेरीचा सगळा शेंडा छाटून टाकतात.
हिरवागार असतो तो, काही चूक नसते त्याची.
मामांनी कात्री माझ्या हातात दिली.

एकेचाळीसचं औषध मीच भरलं होतं.
वहीत लिहिलं, अभ्यास पूर्ण.
लिहिलं नाही ते असं:
छातीतलं आधी थांबलं.
पोटातलं, परक्याचं,
त्यानंतरही चालू होतं.
अकरा सेकंद. मी मोजले.
त्यासाठी रकाना नव्हता.

कात्री दोनदा दाबावी लागली.
शेंडा पडता पडता
काटा अंगठ्यात रुतवून गेला.

"रगत पुसून घे वं," मामा म्हणाले,
"कात्री सरकते."